ज्येष्ठाचा घास

कार्तिक शुद्ध पंचमी, रविवार

नवी वही उघडली की पहिल्या पानावर नाव घालायचे, ही शाळेतील सवय अजून सुटत नाही. इंद्रकुमार टेंभरे, वय चौऱ्याहत्तर, राहणार सडक अर्जुनी. बत्तीस वर्षे संस्कृतचा अध्यापक आणि निवृत्तीनंतर चातुर्मासात गावोगाव पुराण सांगणारा. आजपासून गोंदियाच्या या रुग्णालयातील दोन क्रमांकाच्या खाटेचा रहिवासी.

नागपुरातील बावीस दिवसांनंतर इकडे येताना मन माहेरी निघालेल्या लेकीसारखे हलके झाले होते. रुग्णवाहिकेच्या काचा अर्ध्या रंगवलेल्या. परंतु वरच्या अर्ध्या भागातून साकोली मागे पडताच नागझिऱ्याच्या बाजूचे झाडांचे शेंडे दिसू लागले, आणि कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत गाडी थांबली तेव्हा ढाब्यावरील फोडणीचा वास आत आला. धानाच्या बांध्या पिवळ्या झाल्या आहेत. काही ठिकाणी कापणी होऊन भारे पडले आहेत. आमचे घर तेथून हाकेच्या अंतरावर. मुलगा धनेंद्र म्हणाला, बाबूजी, दोन मिनिटे घरी वळू का? मी मानेनेच नको म्हटले. नाकात नळी घेऊन देवघरासमोर उभे राहणे मला बरे वाटले नसते.

आश्विनात मेंदूच्या मागच्या बाजूस रक्ताची गुठळी अडकली. हातपाय वाचले, बुद्धी वाचली. गेली ती वाणी आणि गिळण्याची शक्ती. खोकलाही पूर्वीसारखा येत नाही. ज्या कंठावर आयुष्य उभे केले, नेमक्या त्याच कंठावर देवाने बोट ठेवले. त्याची इच्छा. बोलण्यासाठी मला नातीची, टीनाची, पाटी मिळाली आहे. ही वही मात्र केवळ माझी.

खोली अतिदक्षता विभागाला लागून आहे. चार खाटा, प्रत्येक रुग्णाजवळ एका नातेवाइकास परवानगी. पूर्वेला खिडकी असल्याने सकाळचे अर्घ्य मनातल्या मनात का होईना, सूर्याकडे पाहून देता येईल. दिवसाच्या परिचारिका दामिनी गोरेगावच्या आहेत. मी पाटीवर शिक्षक असल्याचे लिहिताच त्या हसून म्हणाल्या, शाळेत असाल गुरुजी, इथं हेडमास्तर मी.

कार्तिक शुद्ध षष्ठी, सोमवार

शास्त्राने अन्नाचे चार प्रकार सांगितले: चावण्याचे, गिळण्याचे, चाटण्याचे आणि चोखण्याचे. मला पाचवा लाभला आहे, ओतण्याचा. दर तीन तासांनी दामिनी सिस्टर पातळ आहार घेऊन येतात. त्यांचा विधी इतका काटेकोर आहे, की मी आज पाटीवर लिहिले, आपण पूर्वजन्मी याज्ञिक असाव्यात. त्यांनी विचारले, याज्ञिक म्हणजे काय, आणि त्याला ड्युटी किती तासांची असते?

विधी असा. प्रथम खाटेचे डोके उंच करायचे. आडव्या माणसाला कधीच नाही. नंतर नाकपुडीशी नळीवरचा काळा आकडा पाहायचा, माझा पंचावन्न. त्यानंतर रिकाम्या सिरिंजने पोटातील रस थोडासा ओढून कागदाच्या पट्टीवर टाकायचा. पट्टीचा रंग बदलला, की नळी जठरात असल्याची खूण पटली. मग सिरिंजचा दट्ट्या काढून तिची नळकांडी वर धरायची, तीत आहार ओतायचा आणि तो आपल्या भाराने हळूहळू उतरू द्यायचा. आकडा हलला असेल किंवा रस आलाच नाही, तर एक थेंबही द्यायचा नाही, आधी एक्स-रे. कारण अन्नाची वाट आणि श्वासाची वाट घशात एकमेकींच्या शेजारी आहेत, आणि नळीला आपण कोठे चाललो आहोत हे कळत नाही. सिस्टर म्हणाल्या, गुरुजी, चमचाभर दूध छातीत गेलं तरी माणूस हातचा जातो.

मी प्रत्येक वेळी मनाने आपोशन घेतो, पाच प्राणांना पाच आहुती देतो आणि डोळे मिटतो. चव नाही. परंतु काही वेळाने पोटात उष्णता पसरते, आणि देहातील अग्नीला हविर्भाग पोहोचल्याचे समाधान मिळते.

कार्तिक शुद्ध अष्टमी, बुधवार

शेजारच्या तीन क्रमांकावर चोरखमाऱ्याचे मुन्नालाल आहेत. वय ऐंशीच्या घरात, ट्रॉलीवरून पडून डोक्याला मार लागला. सोळा दिवस शुद्ध नाही. त्यांनाही नळी. आमच्यासारखेच माळव्यातून आलेल्यांचे घराणे, तलावाच्या पाण्यावरची वीस एकर धानाची शेती. त्यांच्याजवळ पत्नी सुखवंताबाई बसतात. बाई बोलक्या. मी बोलू शकत नाही, म्हणून दोघांच्या वाट्याचे त्याच बोलतात. नवऱ्यालाही ऐकवतात: दोन हप्ते झोपून राहिले, आता बस झालं जी, धान कोण आणल घरी?

आज मात्र त्यांचा स्वर उतरला होता. लवकर पिकणारा हलका धान निघाला, कांडून तांदूळ घरी आला, पण पोत्याचे तोंड अजून शिवलेलेच आहे. आमच्या भागात नवे तांदूळ आले, की पहिला घास देवाचा, दुसरा घरातील ज्येष्ठाचा. तोवर इतरांनी तोंड लावायचे नाही. सुखवंताबाईंच्या घरची लेकरे रोज पोत्यापाशी जाऊन वास घेतात आणि परत फिरतात. थोरला मुलगा म्हणतो, बाप जिता असताना मी पहिला घास खाल्ला, तर मी त्याले मेला समजलो असं होईल.

मग त्यांनी पदर सारखा करून मला विचारले: मास्तर, तुमी पोथीवाले. नळीनं गेलं, तर खाल्लं म्हणाचं का नाही?

महिन्याभरात मला कोणी पहिल्यांदा शास्त्राचे काही विचारले होते. लोक माझी नाडी पाहत होते, लघवी मोजत होते. प्रश्न कोणी विचारत नव्हते. मी पाटीवर लिहिले, उद्या सांगतो. पाटी दामिनी सिस्टरांनी वाचून दाखवली आणि कसला प्रश्न म्हणून विचारले. सुखवंताबाई म्हणाल्या, धरमाचा.

कार्तिक शुद्ध नवमी, गुरुवार

निर्णय दिला. पाटीवरचे पुसले जाते, म्हणून वहीचे पान फाडून, सुवाच्य अक्षरात, खाली सहीसह दिला. भोक्ता मुख नव्हे, जठराग्नी होय. मुख हे केवळ द्वार. द्वार बंद असता गवाक्षातून दिलेला हविही अग्नीलाच पोहोचतो. सबब नळीने दिलेले नवान्न ज्येष्ठाने भक्षण केले असेच समजावे.

सुखवंताबाईंना वाचता येत नाही. धनेंद्रने वाचून दाखवले. त्यांनी कागदाची घडी डोळ्यांना लावली आणि माझ्या पायांना हात लावला. धनेंद्रच्या चेहऱ्यावरही कित्येक दिवसांनी अभिमान दिसला.

येथे प्रामाणिकपणे नोंदवतो: डोके उंच करणे, आकडा, रस, पट्टी, यांतील एकही शब्द मी त्या पानावर लिहिला नाही. मला धर्माचे विचारले होते. वैद्यकाचे विचारले नव्हते.

कार्तिक शुद्ध दशमी, शुक्रवार

क्रमाने लिहितो.

मध्यान्हीची वेळ. दामिनी सिस्टर पलीकडच्या विभागात गेल्या होत्या. सुखवंताबाईंनी पदराआडून पितळी लोटा काढला. नव्या तांदळाची पेज, गूळ घातलेली; वास खोलीभर पसरला. त्यांनी खाटेची कळ फिरवून नवऱ्याचे डोके खाली आणले, उशी काढली आणि ते डोके आपल्या मांडीवर घेतले. आजाऱ्याला घास द्यायचा तो मांडीवर घेऊन, ही आपली रीत. मला ते दृश्य अत्यंत मंगल वाटले. मी हात जोडले.

पेज दाट होती, उतरेना. त्यांनी सिरिंजमध्ये दट्ट्या बसवला आणि जोराने लोटली. एक सिरिंज. दुसरी. तिसरी. प्रत्येकीबरोबर त्या घरातल्या एकेकाचे नाव घेत होत्या.

मग तो आवाज आला. घागर तिरपी करून पाण्यात बुडवली, की तिच्या तोंडाशी होतो तसा. मी त्याला तृप्तीचा ढेकर समजलो. होय, समजलो, आणि हात जोडूनच बसलो. किती वेळ? मुन्नालालांच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरे काही दिसू लागले. ओठ जांभळे झाले. छाती उचलली जात होती आणि आत काहीच जात नव्हते. तेव्हा मी घंटा दाबली.

सिस्टर धावत आल्या, डॉक्टर आले, यंत्राने घशातून पेज ओढून काढू लागले. सुखवंताबाई लोटा पदराखाली धरून भिंतीशी उभ्या होत्या. सिस्टरांनी ओरडून विचारले, काय दिलं, कोणी दिलं? बाईंनी माझ्याकडे पाहिले.

पाटी माझ्या मांडीवर होती. खडू हातात होता.

मी काही लिहिले नाही.

कार्तिक शुद्ध एकादशी, शनिवार

मुन्नालाल सकाळी गेले. फुप्फुसे भरली होती. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, पुण्यवान माणूस, एकादशी मिळाली. सुखवंताबाईंनी जाण्यापूर्वी पुन्हा माझ्या पायांना हात लावला आणि रडत म्हणाल्या, मास्तर, उपाशी नाही गेले जी. तुमच्या चिठ्ठीनं पोटभर जेवून गेले.

मला त्या वेळी ओकारी आली असती, तर बरे झाले असते. माझ्या घशाला तेही येत नाही.

दुपारी सिस्टर आहार घेऊन आल्या. मी पाटीवर लिहिले, आज एकादशी, निराहार. त्यांनी मानले. उपवास नव्हता तो. नळकांडी वर जाताना दिसली आणि मी भीतीने पाटीला हात घातला.

कार्तिक शुद्ध द्वादशी, रविवार

पुराणे प्रेताचे, म्हणजे अतृप्त भटकणाऱ्या जीवाचे, वर्णन करतात: पोट डोंगराएवढे, कंठ सुईच्या छिद्राएवढा. समोर अन्न असते आणि गिळता येत नाही. पंधरा वर्षे हे मी श्रोत्यांना सांगत आलो. बायका लेकरांना जवळ ओढून घेत, आणि मला आपल्या वाणीचे कौतुक वाटे. आज आरशात नळी पाहिली. बोरूएवढीही जाड नाही.

बारा वाजले आणि तीन क्रमांकाच्या रिकाम्या खाटेवरून तो आवाज आला. घागर बुडते तसा. खाटेवर धुतलेली चादर होती, दुसरे काही नव्हते. उजेड लख्ख होता. धनेंद्र माझ्याजवळच बसला होता. त्याला काही ऐकू आले नाही.

चार क्रमांकावर उदाराम म्हणून गृहस्थ आहेत, त्यांनाही नळी. त्यांची बहीण जमुनाबाई माझ्या पायाशी येऊन बसली. म्हणाली, मुन्नालालच्या घरच्याले देल्ली तशी एक चिठ्ठी आमालेबी लिहून द्या जी, घरी तांदूळ येऊन राहिला. मी इतक्या जोराने नको लिहिले, की खडू मोडला. ती म्हणाली, काऊन, आमी गरीब म्हणून का?

तेव्हा धीर केला. दामिनी सिस्टरांना बोलावून सर्व लिहिले. पाटी चार वेळा भरली. त्यांनी वाचले आणि प्रत्येक वेळी स्वतः पुसले. संध्याकाळपर्यंत दारावर फलक लागला, घरचे काहीही नळीत घालू नये. सिस्टरांनी प्रत्येक नातेवाइकाला समोर बसवून सारा विधी शिकवला, आधी रस ओढायचा, मगच द्यायचे. उदाराम वाचतील. जाताना सिस्टर एवढेच म्हणाल्या, शुक्रवारी लिहिलं असतं, गुरुजी.

आहार नको म्हटले. नळी माझ्या छातीत गेली आहे असे लिहिले. एक्स-रे झाला. नळी जठरातच होती.

कार्तिक शुद्ध त्रयोदशी, सोमवार

मध्यान्हीस पुन्हा आवाज. आता रिकाम्या खाटेवरून नव्हे, माझ्या खाटेखालून.

सिस्टरांनी आकडा दाखवला, रस ओढून दाखवला, पट्टीचा रंग दाखवला. सर्व यथास्थित. नळकांडी वर गेली आणि मी नळी मुठीत आवळली. लिहिले, ही नळी माझी नव्हे, मुन्नालालची आहे. लिहिले, छातीत गेली आहे, एक्स-रे काढा. काढला. यथास्थित.

डॉक्टर धनेंद्रला बाजूला घेऊन बोलले. शेजारचा रुग्ण डोळ्यांदेखत गेल्याने भीती बसली आहे; बळजबरी नको, दोन दिवस सलाईनवर ठेवू. धनेंद्रला मात्र वाटते, मी प्रायोपवेशन आरंभले आहे. त्याने माझ्याच तोंडून ऐकले होते, की वृद्धाने अन्नत्याग करून देह ठेवणे हे श्रेष्ठ मरण. तो माझ्या पायांवर डोके ठेवून रडला. म्हणाला, बाबूजी, असं नका करू.

मला मरायचे नाही. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले. त्याने वाचले आणि अधिकच रडला.

कार्तिक शुद्ध चतुर्दशी, मंगळवार

अन्नावाचून चौथा दिवस. डोक्यात पोकळी.

सिस्टर दोन दिवस रजेवर जात आहेत. भावाच्या घरी कार्य आहे. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, गुरुजी, शुक्रवारी येईन तेव्हा मी स्वतः देईन, तेव्हा तरी घ्याल ना? मी मान हलवली. खरोखर घेणार होतो. त्यांच्या हातून घेण्याचे मी मनाशी ठरवले होते.

झोपेत नळी ओढतो म्हणून डावा हात मऊ पट्टीने खाटेला बांधला आहे. उजवा लिहिण्यासाठी मोकळा.

मध्यान्हीस आवाज नाही. शांतता. तीही सहन होईना.

कार्तिक पौर्णिमा, बुधवार

दुपारी डोळा लागला. स्वप्नात मुन्नालाल मांडीवर डोके मागत होते. जागा झालो तो नाकात आग. सून सोनिकाचा चेहरा अगदी जवळ. ती नळी आत लोटत होती.

झोपेत मी उजव्या हाताने नळी ओढली होती. वीतभर बाहेर आली होती, असे ती म्हणाली. तिने आत सरकवली, जुन्या चिकटपट्टीवर नवी लावली, ती नेमकी आकड्यावरूनच; आकडा झाकला गेला. हळूच म्हणाली, मामाजी, कोणाला सांगू नका; कळलं तर तुमचा हाबी हात बांधतील. पोर माझ्या काळजीनेच बोलत होती.

खोकला आला नाही. मला येतच नाही.

त्यानंतर एक नवीन आवाज. घागरीचा नव्हे. बारीक. स्स — थांबतो — स्स. मुन्नालाल माझ्या कानाशी श्वास घेत आहेत असे वाटले. मी श्वास रोखला. त्यांनीही रोखला. मी सोडला. त्यांनीही —

नळीचे बूच सैल होते. नळीचे तोंड गालाशी धरले. उबदार. आत, बाहेर. आत, बाहेर.

मुन्नालाल नव्हेत. प्रेत नव्हे. नळी श्वास घेते आहे. माझा श्वास. नळी छातीत आहे.

आता खरोखरच आहे.

रात्रपाळीच्या रीता सिस्टरांना लिहून दाखवले. त्यांनी माझी फाईल उघडली, माझेच दोन एक्स-रे दाखवले. म्हणाल्या, बाबाजी, दो बार तो निकाला, एकदम बरोबर आहे; उद्या दोन वाजता डॉक्टर येतील, त्यांना सांगू, आता आराम करा. सोनिकाने खाली मान घातली. मी तिच्याकडे बोट दाखवले. ती म्हणाली, मामाजींना आता माझीबी भीती वाटून राहिली.

हे प्रभो, शुक्रवारी एक मनुष्य गप्प राहिला होता.

कार्तिक वद्य प्रतिपदा, गुरुवार

सकाळ. अजून कोणी काही दिलेले नाही. दोन वाजता डॉक्टर. दोनपर्यंत —

पाटी नाही. सोनिकाने नेली. लिहून लिहून मामाजी थकतात. वही ठेवली. वहीत मन लागते म्हणाली.

अकरा. बूच दाबून लावले. तरी ऐकू येते.

साडेअकरा. सर्व आले. धनेंद्र, सोनिका, टीना. सर्वांसाठी पाच मिनिटांची परवानगी काढली. धनेंद्रच्या हातात थर्मास. आमच्या घरी तांदूळ आला. कालच. कोणी खाल्लेला नाही. टीनासुद्धा. ती थर्मासकडे बघते.

आहारतज्ज्ञांना विचारून आणले म्हणतो. गाळलेली, पातळ, मीठसुद्धा नाही. परवानगीचा कागदही आहे. सर्व नियमाने. हा शहाणा मुलगा आहे. मीच घडवला.

वही त्याच्यासमोर धरली. नळी छातीत आहे. त्याने वाचले. डोळे पुसले. म्हणाला, बाबूजी, हे तुम्ही रविवारीबी लिहिलं होतं. सोमवारीबी लिहिलं होतं.

पुन्हा लिहिले. काल निघाली होती. सोनिकाला विचार. त्याने विचारले. ती माझ्याकडे पाहते आहे. बोल, पोरी. खडू नाही माझ्याजवळ, तुला जीभ आहे — ती म्हणाली, जराशी हलली होती, मी नीट केली.

तो म्हणाला, झालं तर मग.

बाहेर कोणाला तरी आणले आहे, अपघात. धावपळ. अतिदक्षता विभागातील सिस्टर दारातून म्हणाल्या, भैया, तुमको सिखाया है ना, दे दो.

खाटेचे डोके त्याने उंच केले. बरोबर. रिकामी सिरिंज लावली. बरोबर. ओढली. काही आले नाही. पुन्हा ओढली. नुसती हवा.

थांबेल. आता थांबेल. रस नाही आला तर थेंबही नाही, त्यालाही शिकवले आहे —

तो सोनिकाला म्हणाला, पाच-सहा दिवसांपासून पोटात काही नाही, रस येईल कुठून?

माझा उपवास. माझा —

नळी मुठीत धरली. सोनिका एकेक बोट सोडवते आहे. रागाने नाही. बाळाची मूठ सोडवावी तशी. म्हणते, मामाजी, एकच घास, मग आम्ही सगळे जेवू. हात सोडला की लिहितो. पुन्हा धरते. पुन्हा लि

बूच काढले. दट्ट्या काढून नळकांडी लावली. पेज ओतली. पांढरी. खाली नळी चिमटीत धरली आहे त्याने. हात जोडले सर्वांनी. टीनानेही.

धनेंद्र नको. धनेंद्र वाच

चिमटी सैल केली. पेज उतरत नाही. बुडबुडे. पेजेत बुडबुडे येतात, माझ्या श्वासाबरोबर, एक, थांबून एक. बघ. बघ ना रे. टीनाने पाहिले. टीना हसते. म्हणते आजोबा फुंकर घालून राहिले, गरम आहे म्हणून —

धनेंद्रही हसला. किती दिवसांनी. म्हणतो थोडं वर धरतो मग जाईल. नळकांडी वर नेतो आहे. वर. बुडबुडे थां